चिन्हरूप बहुपदीची अंकीय किंमत काढताना : राउंडिंग शेवटी आणि एकदाच

इयत्ता नववीत बहुपदीची किंमत काढायला आपण शिकतो, तेव्हा त्यात अवघड असे काही वाटत नाही. चलाच्या जागी संख्या ठेवायची, घात काढायचे, सहगुणकांनी गुणायचे आणि बेरीज करायची. हेच काम गणिती सॉफ्टवेअरवर सोपवले की मात्र तीच बहुपदी, तीच संख्या आणि तोच संगणक असूनही तीन रीतींनी तीन उत्तरे मिळू शकतात, आणि त्यांपैकी एखादे इतके चुकीचे असते की त्याचे चिन्हसुद्धा बरोबर नसते.

नागपूरच्या धरमपेठेत माझ्याकडे दर शनिवारी संध्याकाळी अभियांत्रिकीची आणि एम.एस्सी.ची काही मुले बसतात. त्यांतील एका मुलीने (क्ष − १)^७ ही बहुपदी सिम्पाय या गणिती सॉफ्टवेअरमध्ये विस्तारून घेतली आणि ०.९८८ ते १.०१२ या पट्ट्यात तिचा आलेख काढला. पडद्यावर गुळगुळीत वक्ररेषा दिसायला हवी होती. तिथे वरखाली उड्या मारणारी, केसाळ सुरवंटासारखी रेघ होती. "सर, हिला एकच मूळ असायला हवं ना? इथे तर शंभरेक दिसताहेत," असे ती म्हणाली. तिच्या आज्ञांमध्ये एकही टंकनदोष नव्हता. राउंडिंग, म्हणजे मर्यादित अंकांत बसवण्यासाठी संख्या गोल करणे, मात्र चुकीच्या जागी आणि पुन्हा पुन्हा होत होते. हा लेख त्या संध्याकाळी फळ्यावर मांडलेल्या पायऱ्यांचा विस्तार आहे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, चिन्हरूपातील नेमकेपणा शक्य तितका वेळ टिकवावा, अंकीय रूपात एकदाच उतरावे, आणि उतरताना किती अंक गमावले ते मोजावे, एवढेच मला सांगायचे आहे.

उदाहरणे मुख्यतः पायथनमधील सिम्पायची घेतली आहेत, कारण ते मोफत आहे आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर सहज बसते. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत. सूत्रांमध्ये घात दाखवण्यासाठी टोपीचे चिन्ह वापरले आहे.

पहिली पायरी : सहगुणक नेमके भरावेत

ज्या चुका पुढे शोधूनही सापडत नाहीत, त्या बहुतेक इथेच शिरतात. पायथनमध्ये १/३ असे लिहिले की सिम्पायपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा भागाकार होतो आणि सिम्पायच्या हाती ०.३३३३… हा कापलेला दशांश येतो. एक तृतीयांश नेमका हवा असेल तर रॅशनल(१, ३) असे लिहावे. सेजमॅथ या सॉफ्टवेअरमध्ये १/३ ही आपोआप परिमेय संख्याच राहते, त्यामुळे सेजची सवय असलेला माणूस सिम्पायमध्ये हमखास फसतो. घाताच्या चिन्हाचेही तसेच आहे. सेजमध्ये टोपी म्हणजे घात. शुद्ध पायथनमध्ये ती बिटवार एक्सॉर ही क्रिया आहे, आणि तिथे २^३ चे उत्तर ८ येत नाही, १ येते. पायथनमध्ये घातासाठी दोन गुणाकारचिन्हे जोडून लिहावी लागतात.

दशांश सहगुणकांबाबत आणखी एक बारकावा आहे. रॅशनल(०.१) असे लिहिले तर एक दशांश मिळत नाही, ३६०२८७९७०१८९६३९७ भागिले ३६०२८७९७०१८९६३९६८ हा अपूर्णांक मिळतो, कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही आणि डबल स्वरूपात (संगणक दशांश संख्या नेहमी ज्या सुमारे १६ अंकांच्या रूपात ठेवतो त्यात) तिच्या जवळची दुसरीच संख्या साठवली जाते. तेच ०.१ अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून दिले, तर सिम्पाय ते अंक वाचून नेमका १/१० तयार करते. दोन अवतरणचिन्हांचाच फरक आहे, पण माझ्या अनुभवात अर्ध्या तक्रारी याच जागी मिटतात.

इतक्या बारीक फरकाने काय बिघडते, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांनी दिलेल्या उदाहरणात आहे. (क्ष − १)(क्ष − २)…(क्ष − २०) ही बहुपदी विस्तारली की क्ष^१९ चा सहगुणक −२१० येतो. त्यातून फक्त २^−२३, म्हणजे सुमारे १.१९२ × १०^−७ एवढे वजा केले, तर १६ आणि १७ ही दोन मुळे वास्तव रेषेवरून नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी १६.७३ ± २.८१ आय अशी संमिश्र जोडी येते. सातव्या दशांशस्थळावरचा बदल मुळांना एवढे हलवू शकतो. म्हणून मोजमापातून आलेले सहगुणकही, ते मुळातच अंदाजे असले तरी, जसे छापले आहेत तसेच परिमेय संख्या म्हणून भरावेत. मोजमापाची अनिश्चितता ही वेगळी बाब आहे. तिच्यात संगणकाच्या राउंडिंगची भर घालण्याचे कारण नाही.

पुढे कामी येईल असे एक उदाहरण इथेच मांडतो. औद्योगिक तापमापनात पीटी-१०० हा प्लॅटिनमचा संवेदक सर्रास वापरतात. शून्य अंश सेल्सियसच्या वर त्याचा रोध १०० × (१ + अ·त + ब·त^२) ओहम या बहुपदीने मिळतो. त्यात त हे तापमान आहे, अ = ३.९०८३ × १०^−३ आणि ब = −५.७७५ × १०^−७. नेमक्या रूपात अ म्हणजे ३९०८३ भागिले १०^७ आणि ब म्हणजे उणे ५७७५ भागिले १०^१०. नवतपात नागपूरचा पारा ४५ वर जातो, म्हणून त = ४५ घेऊ.

दुसरी पायरी : राशी हवी की बहुपदी, हे ठरवावे

गणिती सॉफ्टवेअरमध्ये बहुपदी दोन प्रकारे राहते. एक म्हणजे सर्वसाधारण चिन्हरूप राशी. तिच्यात साइन, वर्गमूळ, काहीही चालते, आणि ती जशी लिहिली त्या रचनेत झाडासारखी साठवली जाते. दुसरी म्हणजे खरी बहुपदी वस्तू. तिच्यात सहगुणकांची यादी आणि ते कोणत्या संख्यासंचातील आहेत याची नोंद असते. सिम्पायमध्ये पॉली ही आज्ञा दुसरा प्रकार तयार करते, आणि सेजमध्ये परिमेय सहगुणकांचे बहुपदी-वलय घोषित करता येते. हजारो पदांची बहुपदी, शेकड्यांतील घात किंवा नेमकी गणिते असतील तर दुसरा प्रकारच घ्यावा, कारण राशीचे झाड प्रत्येक वेळी वरपासून खालपर्यंत फिरावे लागते आणि त्यात वेळ जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. पॉलीला (क्ष − १)^७ दिले की ती ते विस्तारूनच ठेवते, कारण तिच्याकडे सहगुणकांची यादी असते, कंस नसतात. नेमक्या गणितात याने काही बिघडत नाही. अंकीय गणितात बरेच बिघडते, आणि चौथ्या पायरीचा विषय तोच आहे.

तिसरी पायरी : एका बिंदूवरची किंमत

एकाच संख्येसाठी किंमत हवी असेल तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे परिमेय संख्या ठेवून नेमके उत्तर काढणे आणि मग त्या उत्तराचे दशांशरूप घेणे. विस्तारलेल्या (क्ष − १)^७ मध्ये सब्स या आज्ञेने क्ष = १००१/१००० ठेवले की नेमके १०^−२१ मिळते. त्याच जागी १.००१ हा दशांश ठेवला तर सिम्पाय सगळी पदे १५ अंकांच्या अचूकतेने मोजते, १२८ च्या आसपास एकूण परिमाण असलेली आठ पदे एकमेकांना खोडतात, आणि हाती १०^−१४ च्या घरातील एखादी निरर्थक संख्या उरते. ती खऱ्या किमतीच्या सुमारे एक कोटी पट असते, आणि धन की ऋण याचाही भरवसा नसतो. त्या मुलीच्या आलेखावरचे केस म्हणजे याच संख्या होत्या.

नेमके गणित जड जात असेल, उदाहरणार्थ क्ष च्या जागी वर्गमूळे किंवा पाय (π) असेल, तर आधी सब्स आणि मग इव्हॅल्फ (दशांश किंमत काढणारी आज्ञा) असे दोन टप्पे करू नयेत. ठेवायची किंमत इव्हॅल्फलाच सब्स या पर्यायातून द्यावी आणि किती अंक हवेत तेही सांगावे. इव्हॅल्फ गणित करताना अचूकतेचा हिशेब ठेवते आणि पदे एकमेकांना खोडत आहेत असे दिसले तर आतल्या आत कामाची अचूकता वाढवून पुन्हा मोजते. आधीच दशांश झालेल्या राशीवर ती हे करू शकत नाही, कारण गमावलेले अंक परत आणण्याची कोणतीही युक्ती अस्तित्वात नाही.

इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे बदलतात, तत्त्व तेच राहते. मॅक्सिमामध्ये बीफ्लोट ही आज्ञा आणि एफपीप्रेक हा अंकसंख्येचा चल असतो. तो न बदलल्यास १६ असतो. मॅटलॅबच्या सिम्बॉलिक टूलबॉक्समध्ये व्हीपीए आहे आणि ते सुरुवातीला ३२ अंकांवर असते. मेपलमध्ये डिजिट्स हा चल १० पासून सुरू होतो, आणि मॅथेमॅटिकामध्ये एन या आज्ञेला दुसरा घटक म्हणून अंकसंख्या देता येते. सिम्पाय आणि मॅक्सिमा यांत एक सापळा सारखाच आहे: डबलमध्ये साठवलेली ०.१ ही संख्या नंतर ५० अंकांत मागितली तर ०.१ नंतर सोळा शून्ये आणि मग ५५५१११५१२३१… असे येते. हे अंक दिसायला भरगच्च असले तरी ते एका दुसऱ्याच संख्येचे आहेत. अचूकता वाढवायची असेल तर ती आत जाताना वाढवावी, बाहेर येताना नव्हे.

चौथी पायरी : किंमत काढण्याआधी रूप निवडावे

हाच या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू. बीजगणिताच्या दृष्टीने विस्तारित रूप, अवयवरूप आणि कंसात कंस घातलेले रूप ही तिन्ही एकच बहुपदी आहे. डबलमध्ये चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या कृती आहेत, कारण प्रत्येक कृतीत राउंडिंग वेगळ्या जागी होते.

(क्ष − १)^७ हेच पुन्हा घेऊ. अवयवरूपात आधी १.००१ मधून १ वजा होतो. १.००१ डबलमध्ये साठवताना फार तर १.१ × १०^−१६ एवढा फरक पडला असेल. वजाबाकीनंतर उरलेल्या ०.००१ च्या तुलनेत तो १.१ × १०^−१३ होतो, आणि सातव्या घातात तो सातपट होऊन ८ × १०^−१३ च्या आत राहतो. म्हणजे साध्या डबलमध्येही सुमारे १२ अंक बरोबर मिळतात. विस्तारित रूपात त्याच यंत्रावर एकही अंक बरोबर मिळत नाही. त्या मुलीचा आलेख दुरुस्त करायला जास्त अचूकताही लागली नाही. एक्स्पँड ही आज्ञा काढून टाकली आणि रेघ गुळगुळीत झाली. म्हणून अवयव माहीत असतील तर बहुपदी विस्तारू नये, आणि विस्तारलेली हाती आली तर सहगुणक नेमके असताना फॅक्टर आज्ञा एकदा चालवून पाहावी. सिम्प्लिफाय ही आज्ञा आपल्याला हवे ते रूप टिकवीलच असे नाही, म्हणून अंकीय गणिताच्या अगदी आधी ती वापरू नये असे माझे मत आहे.

अवयव पडत नसतील तर हॉर्नरची रीत घ्यावी. विल्यम जॉर्ज हॉर्नर यांच्या १८१९ सालच्या लेखामुळे तिला हे नाव मिळाले, परंतु चीनमध्ये चिन च्यु-शाओ यांच्या १२४७ सालच्या ग्रंथात ही रीत आधीच आढळते. आपल्याला ती दुसऱ्या नावाने माहीत आहे. नववीत (क्ष − अ) ने भागण्यासाठी शिकवतात तो संश्लेषक भागाकार हीच हॉर्नरची रीत आहे: पहिला सहगुणक खाली उतरवायचा, अ ने गुणायचे, पुढच्या सहगुणकात मिळवायचे, पुन्हा गुणायचे. शेवटी उरते ती बाकी, आणि शेष सिद्धांत सांगतो की ती बाकी म्हणजेच बहुपदीची अ या जागी किंमत आहे.

पीटी-१०० वर हे हाताने करून पाहू. सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक −५.७७५ × १०^−७ असाच ठेवावा. त्याला ४५ ने गुणले की −०.००००२५९८७५ येते. त्यात ०.००३९०८३ मिळवले की ०.००३८८२३१२५. पुन्हा ४५ ने गुणले की ०.१७४७०४०६२५, त्यात १ मिळवले की १.१७४७०४०६२५, आणि १०० ने गुणले की ११७.४७०४०६२५ ओहम. दोन गुणाकार आणि दोन बेरजा झाल्या. शेवटचा शंभरचा गुणाकार वेगळा. सर्वांत मोठा घात २० असलेल्या बहुपदीत प्रत्येक पदाचा घात स्वतंत्रपणे गुणून काढला तर २१० गुणाकार लागतात, हॉर्नरने २०. कोणत्याही सर्वसाधारण बहुपदीसाठी याहून कमी गुणाकारांत भागत नाही हे व्हिक्टर पॅन यांनी १९६६ साली सिद्ध केले. सिम्पायमध्ये हॉर्नर याच नावाची आज्ञा ही कंसबद्ध राशी तयार करून देते. मॅक्सिमामध्येही ती त्याच नावाने आहे. एकाहून अधिक चल असतील तर कोणत्या चलाचे कंस बाहेर ठेवायचे हे आपण सांगू शकतो. ज्याचा घात सर्वांत मोठा आहे तो घ्यावा.

हॉर्नरमुळे वेळ वाचतो आणि राउंडिंगच्या जागा कमी होतात, पण खोडाखोड टळत नाही. विस्तारित (क्ष − १)^७ हॉर्नरने मोजली तरी १ च्या जवळ केस उरतातच. रूप बदलता येत नसेल तर अचूकता वाढवणे हाच उपाय राहतो. त्यासाठी प्रत्येक गुणाकारात आणि बेरजेत गळालेला अंश वेगळा जपून शेवटी परत मिळवणारी सुधारित हॉर्नर रीतही उपलब्ध आहे. ती डबलमध्येच चालते आणि जणू दुप्पट अंकांत काम केल्यासारखे उत्तर देते.

पाचवी पायरी : हजारो बिंदूंसाठी फलन तयार करावे

आलेख काढायचा असेल, तक्ता करायचा असेल, तर प्रत्येक बिंदूसाठी सब्स चालवणे म्हणजे दर वेळी चिन्हरूप यंत्रणा पुन्हा हलवणे होय. त्याऐवजी राशीचे एकदाच अंकीय फलनात रूपांतर करावे. सिम्पायमध्ये यासाठी लॅम्बडिफाय आहे, सेजमध्ये फास्ट कॉलेबल, मॅटलॅबमध्ये मॅटलॅब फंक्शन. लॅम्बडिफाय राशी जशी दिली तशीच उतरवते, म्हणजे चौथ्या पायरीत निवडलेले रूप पुढेही टिकते. तिसरा घटक म्हणून नमपाय (पायथनचा जलद अंकीय गणिताचा संच) दिले तर डबलमध्ये पूर्ण यादी एकदम मोजली जाते, आणि एमपीमॅथ (हव्या त्या अचूकतेचा संच) दिले तर तेच फलन हव्या तितक्या अंकांत चालते. एकाच राशीची ही दोन्ही फलने शेजारी तयार करून ठेवावीत. पडताळ्यासाठी ती लागतात. लॅम्बडिफाय आतून मजकूर तयार करून तो चालवते, त्यामुळे बाहेरच्या अनोळखी व्यक्तीने टंकलेली राशी तिच्याकडे थेट पाठवू नये.

या पायरीवर तीन चुका वारंवार दिसतात. पहिली पूर्णांकांची आहे. पायथनचे स्वतःचे पूर्णांक कितीही मोठे होतात, पण नमपायच्या यादीतील पूर्णांक ६४ बिटांचे असतात आणि त्यांची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. ३ चा चाळिसावा घात १२१५७६६५४५९०५६९२८८०१ आहे. नमपायच्या पूर्णांक यादीत तो −६२८९०७८६१४६५२६२२८१५ असा निघतो, आणि कोणतीही सूचना येत नाही. यादी तयार करतानाच ती फ्लोट प्रकारची करावी, म्हणजे हा धोका उरत नाही. दुसरी चूक स्थिर राशीची आहे. बहुपदीचा अवकलज काढता काढता तो नुसता ३ उरला, तर त्यापासून बनवलेले फलन हजार बिंदूंची यादी दिली तरी एकच ३ परत देते, आणि पुढचा आलेख लांबी जुळत नाही म्हणून अडतो.

तिसरी चूक सहगुणकांच्या क्रमाची आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीतील एका भट्टीसाठी पीटी-१०० चा तक्ता तयार करायचा होता. मी सहगुणक १, अ, ब या क्रमाने लिहिले आणि नमपायच्या पॉलीव्हॅल या जुन्या फलनाला दिले. पडताळा म्हणून त = १ ठेवून पाहिले; १००.३९०८ आले, वहीतील आकडाही तोच होता, आणि मी निश्चिंत झालो. तक्त्याच्या ४५ अंशांच्या ओळीत २०२५१७.५९ ओहम दिसले तेव्हा क्रम उलटा असल्याचे कळले. पॉलीव्हॅलला मोठ्या घातापासून खाली येणारा क्रम लागतो, अगदी शाळेच्या पुस्तकातील सहगुणक रूपासारखा, आणि मॅटलॅबचे पॉलीव्हॅलही तसेच आहे. नमपायचा नवा पॉलिनॉमियल हा प्रकार मात्र स्थिर पदापासून वर चढतो. सिम्पायची सहगुणकांची पूर्ण यादी मोठ्या घातापासून सुरू होते, तर सेजची स्थिर पदापासून. चलाच्या जागी १ ठेवला की किंमत म्हणजे सहगुणकांची बेरीज, आणि बेरीज कोणत्याही क्रमाने तीच येते; म्हणून १ ही पडताळ्यासाठी सर्वांत वाईट संख्या आहे. २ ठेवून पाहावे, आणि ० ठेवून स्थिर पद येते का तेही पाहावे. मधला एखादा घात नसेल तर त्याच्या जागी ० लिहायचे राहिले नाही ना, हेही २ ठेवल्यावर लगेच समजते.

सहावी पायरी : किती अंक खरे आहेत ते मोजावे

उत्तर आले म्हणजे काम संपले असे समजू नये. प्रत्येक सहगुणकाचे आणि चलाचे केवलमूल्य घेऊन, म्हणजे सगळी उणे चिन्हे पुसून, बहुपदीची किंमत काढावी आणि तिला खऱ्या किमतीच्या केवलमूल्याने भागावे. हा भागाकार किती अंकी येतो, साधारण तितके अंक खोडाखोडीत जातात. (क्ष − १)^७ साठी १.००१ या जागी वरची संख्या २.००१ चा सातवा घात, म्हणजे सुमारे १२८, आणि खालची १०^−२१; भागाकार १.३ × १०^२३ च्या आसपास. डबलमध्ये जेमतेम १६ अंक असतात आणि इथे २३ जातात, म्हणजे काही उरत नाही. शेवटी १० अंक खरे हवे असतील तर किमान ३४ अंकांत काम करावे लागेल, आणि मी अशा वेळी सरळ ४० घेतो. पीटी-१०० मध्ये मात्र हा भागाकार १ च्या अगदी जवळ येतो, त्यामुळे तिथे डबल निर्धास्तपणे वापरता येते. बहुसंख्य व्यवहारी बहुपदी अशाच सौम्य असतात, आणि हे मोजून कळले की अनावश्यक अचूकतेत वेळही जात नाही.

विल्किन्सनच्या बहुपदीत क्ष = २० घेतले तर केवलमूल्यांची बेरीज ४० क्रमगुणित भागिले २० क्रमगुणित, म्हणजे सुमारे ३.३५ × १०^२९ येते. तिला डबलच्या एका राउंडिंगच्या मापाने, १.१ × १०^−१६ ने, गुणले की ३.७ × १०^१३ मिळते. खरी किंमत शून्य आहे. विस्तारित रूपात मात्र चुकीला सदतीस लाख कोटींपर्यंत पोहोचण्याची मुभा आहे.

अचूकता एकदा वाढवून पाहिली, दोन्ही उत्तरे जुळली, म्हणजे ती बरोबर, अशी समजूत आहे. ती पुरेशी नाही. जर्मन गणितज्ञ झीगफ्रीड रुम्प यांनी १९८८ साली दिलेली राशी पाहा: ३३३.७५·ख^६ + क^२·(११·क^२·ख^२ − ख^६ − १२१·ख^४ − २) + ५.५·ख^८ + क/(२ख), जिथे क = ७७६१७ आणि ख = ३३०९६. आयबीएमच्या एस/३७० यंत्रावर एकेरी, दुहेरी आणि विस्तारित या तिन्ही अचूकतांत उत्तर १.१७२६०३… असेच आले. तिन्ही साक्षीदार एकमताचे आणि तिन्ही चुकीचे, कारण खरे उत्तर −०.८२७३९६… आहे. कारण असे की क^२ नेमके ५.५·ख^२ + १ एवढे आहे, आणि त्यामुळे शेवटच्या अपूर्णांकाआधीची संपूर्ण बहुपदी मोठमोठी पदे खोडून नेमकी −२ उरते. त्यांतले ५.५·ख^८ हे एकच पद ७.९ × १०^३६ एवढे, म्हणजे ३७ अंकी आहे. विस्तारित अचूकतेतही तितके अंक नसल्याने ती −२ वाहून गेली आणि ७७६१७/६६१९२ हा अपूर्णांक तेवढा दिसत राहिला. सिम्पायमध्ये ३३३.७५ च्या जागी १३३५/४ आणि ५.५ च्या जागी ११/२ लिहून ही राशी मोजा. −५४७६७/६६१९२ हे नेमके उत्तर क्षणात येते. हाच प्रयोग दशांश सहगुणकांनीही करून पाहावा, पहिली पायरी मनात कायमची बसते.

नेमके गणित शक्य नसेल आणि तरीही खात्री हवी असेल, तर अंतराल अंकगणित वापरावे. एमपीमॅथमधील आयव्ही उत्तराऐवजी खालची व वरची सीमा देते, सेजमधील रिअल बॉल फील्ड मध्यबिंदू व त्रिज्या देते, आणि खरी किंमत त्या सीमांच्या आतच असते. सीमा फार रुंद आल्या तर त्याचा अर्थ उत्तर चुकले असा नाही. अंक वाढवावेत, किंवा चौथ्या पायरीकडे परत जाऊन रूप बदलावे.

भट्टीचा तो तक्ता मी मग नव्याने केला. सहगुणक अवतरणचिन्हांतून परिमेय रूपात भरले, हॉर्नरची राशी घेतली, नमपाय आणि एमपीमॅथ अशी दोन फलने बनवली, आणि ० ते ४०० अंशांपर्यंतच्या प्रत्येक ओळीत दोघांतील सर्वांत मोठा फरक छापून घेतला. शून्याला १०० ओहम, ४५ ला ११७.४७०४ आणि १०० ला १३८.५०५५ आले. छापील प्रमाण तक्त्यात १०० अंशांचा आकडा १३८.५१ आहे, म्हणून तक्त्यातील ओळी दोन दशांशांपर्यंत गोल केल्या. सगळ्या कामात केलेले ते एकमेव राउंडिंग, आणि त्याखाली सहगुणक, त्यांचा क्रम व कामाची अंकसंख्या एका ओळीत लिहून तक्ता पाठवून दिला.